पन्नास शाल्मली

"तुम्ही बर्फ सोडणार आहात," डॉ. हर्डीकर म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांची बशी शाल्मलीपुढे सरकवली.

वाईट बातमी देताना संचालक बिस्किटं पुढे करतात, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. शाल्मली केंजळे मात्र त्यांच्या खोलीत आली होती चांगली बातमी ऐकायला. स्पितीतल्या लामसर हिमनदीवर संस्थेचं नवं ठाणं उभं राहत होतं. तिथे वर्षभर राहायला एक संशोधक जायचा होता, आणि तिथलं मुख्य उपकरण शाल्मलीनंच बनवलेलं होतं.

"मी असं कधी म्हटलं, सर?"

"तुम्ही नाही म्हटलंत. 'वाटचाल' म्हणतेय. पन्नासपैकी त्रेचाळीस." त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "पुढच्या वर्षी या सुमाराला तुम्ही वाईच्या कॉलेजात भूगोल शिकवत असाल. अभिनंदन करावं की काय, तेच कळेना."

शाल्मलीनं बशीकडे पाहिलं. क्रीमची बिस्किटं होती. म्हणजे निर्णय पक्का होता.

ही 'वाटचाल' मूळची माणसांसाठी नव्हतीच. हवेचा अंदाज सांगणाऱ्यांना फार पूर्वी एक गोष्ट उमगली होती. आजची हवा कुणालाच पुरती अचूक मोजता येत नाही. कुठेतरी बारीकशी चूक राहते आणि ती रोज फुगत जाते. म्हणून ते संगणकात एकच पृथ्वी न चालवता पन्नास चालवतात. प्रत्येकीची सुरुवात केसभर वेगळी. एकीत अरबी समुद्र किंचित गरम, दुसरीत वारा किंचित तिरका. मग पन्नासपैकी चाळीस पृथ्वींवर पाऊस पडला, तर पावसाचा भरवसा ऐंशी टक्के.

संस्थेतल्या फिरोज तांबोळीनं हे गणित माणसांना लावलं. फिरोज ढगांचा अभ्यासक. त्याच्या डोळ्यांदेखत दरवर्षी लोक संस्था सोडून जात. बर्फाची माणसं विमा कंपन्यांत, समुद्राची माणसं बँकांत, आणि मान्सूनवर आयुष्य काढू म्हणणारा एक जण तर कोल्हापूरकडे गुळाच्या व्यवसायात गेला. येत्या पाच वर्षांत या पुणेकर संस्थेत बर्फ कळणारे किती जण उरतील, एवढंच फिरोजला हवं होतं. त्यानं प्रत्येकाचे शोधनिबंध, रजा, प्रवास, मेल, उपकरणांचा वापर असं सगळं यंत्राला वाचायला दिलं आणि प्रत्येकाचे पन्नास जुळे संगणकात सोडले. सुरुवात प्रत्येकाची केसभर वेगळी. कुणाला त्या आठवड्यात एक मेल जास्त आला, कुणाची एक रजा नाकारली गेली.

मग त्यानं यंत्राला फक्त जुनी माहिती देऊन परीक्षा घेतली. कोण सोडून जाईल, हे यंत्रानं बऱ्यापैकी बरोबर सांगितलं. गुळासकट.

डॉ. हर्डीकर हरखून गेले. फिरोज त्यांना सांगत राहिला, की हा जिल्ह्याचा अंदाज आहे, त्यावरून कुणाच्या गच्चीवर पाऊस पडेल ते विचारू नका. सरांनी पहिलीच विचारणा गच्चीची केली. लामसरवर कुणाला पाठवू?

यंत्रानं नाव दिलं सारंग वझेचं. पन्नासपैकी पन्नास.

शाल्मली तडक फिरोजच्या टेबलाशी गेली. तो डबा उघडून बसला होता. तिला पाहताच त्यानं डबा झाकला.

"जेव तू. मला एवढंच सांग, त्या त्रेचाळीस जणी वाईला काय करतायत?"

"तू दर शुक्रवारी लवकर निघून वाईला जातेस. दीड वर्ष. इथली शीतखोली वर्षभर वापरलेली नाहीस. यंत्राला वाटलं, तुझं मन उडालंय."

"शीतखोली बंद आहे, फिरोज. तिचा कॉम्प्रेसर दुरुस्तीला गेलाय तो परत आलेला नाही. मी वाईला जाते ते आमच्या कारखान्यात. पुणे जिल्ह्यात मला माणसाएवढा उंच बर्फ कोण देणार?"

फिरोजनं डोक्याला हात लावला. केंजळ्यांचा वाईत बर्फाचा कारखाना होता. मासळीवाले, रसवंत्या, लग्नाचे हॉल, सगळ्यांना तिथून लाद्या जात. वडील गेल्यावर शाल्मलीच्या आईनं तो चालवला होता, आणि पोरीला शिकवलं होतं. हे संस्थेच्या कुठल्याच माहितीत नव्हतं.

"मग यंत्राची माहिती दुरुस्त कर ना," शाल्मली म्हणाली.

"करतो. पण त्यानं किती फरक पडेल सांगता येत नाही. खरा घोळ वेगळाच आहे." त्यानं आवाज खाली आणला. "हिमनदीच्या तळाशी किती पाणी आहे, तुला माहीत आहे?"

"नाही. तेच मोजायचंय."

शाल्मलीचं सगळं काम त्या पाण्याभोवती होतं. हिमनदी म्हणजे गोठून बसलेला ढिगारा नव्हे. ती उतारावरून सरकते, आणि तिच्या पोटाखाली पाण्याचा थर असेल तर जास्त सरकते, ओल्या फरशीवर पाय जावा तशी. ती किती सरकेल, किती वितळेल, खालच्या नदीत कोणत्या महिन्यात किती पाणी येईल, हे सगळं त्या थरावर ठरतं. पण लामसरच्या तळाशी आजवर कुणीच पोहोचलेलं नव्हतं. म्हणून पृथ्वीच्या मॉडेलमध्ये तिथे एक आकडा धरला जाई. उत्तर बरं यावं एवढ्यासाठी धरलेला.

"तसाच माझ्याकडे एक आकडा आहे," फिरोज म्हणाला. "माणसाला आपल्या कामाची ओढ किती? ती मेलांवरून कळत नाही, रजेवरून कळत नाही. मग मी एक धरली. पॉइंट फोर."

"माझी?"

"सगळ्यांची. सारखीच."

"म्हणजे मला आणि हर्डीकर सरांना बर्फाची ओढ सारखी?"

"सर तर बर्फ घातलेला उसाचा रसही पीत नाहीत, घसा धरतो म्हणून," फिरोज कबूल झाला.

सरांनी प्रत्येकाला त्याचा अंदाज वाचायला दिला, आणि आठवडाभरात संस्थेचं वागणं बदललं. ज्यांचं भविष्य चांगलं निघालं होतं त्यांनी काम सोडलं. पुढचं ठरलेलंच आहे, तर घाई कशाला? ज्यांचं वाईट निघालं होतं ते कधी नव्हे ते रविवारी येऊ लागले. भूजलाच्या देशपांडेबाईंच्या एकतीस आवृत्त्या कॅनडात गेल्या होत्या, म्हणून बाईंनी घरातले मिक्सर-कुकर वाटून टाकले. त्यांना कॅनडातून कुणी बोलावलं नव्हतं. एका तरुणानं तर लग्नाच्या बायोडाटात उंचीखाली लिहिलं, 'स्थैर्य : अठ्ठ्याऐंशी टक्के'.

शाल्मलीनं आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं होतं, आई चिडेल. आई चिडली, पण भलत्याच जागी.

"कॉलेजात? घरचा बर्फाचा कारखाना सोडून कॉलेजात शिकवणार तू?"

"मी नाही गं, आई. यंत्र म्हणतंय."

"तेच. निदान वाईला येतेयस एवढं तरी बरोबर सांगितलं त्यानं." मागे कारखान्याच्या पंपाचा आवाज चालू होता. मग आई जरा हळू म्हणाली, "वरची खोली रंगवून घेते. पिवळा देऊ की पिस्ता?"

शाल्मलीनं 'नंतर सांगते' म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी घरी जाताना ती पहिल्यांदा त्या त्रेचाळीस जणींचा विचार करत राहिली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी घाटावर फेरी, आईच्या हातचं जेवण. त्या दुःखी असतील असं काही तिला वाटेना. तीच तर पंचाईत होती. यंत्र अगदीच वेडंवाकडं बोललं असतं, तर हसून सोडता आलं असतं.

पुढच्या शनिवारी ती सारंगला घेऊन वाईला आली. उपकरण त्याच्याबरोबर जाणार होतं, तेव्हा ते त्याला शिकवणं भाग होतं. सारंग वझे उपग्रहाच्या चित्रांवरून हिमनदीचा अभ्यास करी, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका करड्या ठिपक्यावरून तो सांगे, की इथे भेग आहे, पुढच्या उन्हाळ्यात रुंदावेल. मात्र खरा बर्फ त्यानं जवळून कधी पाहिला नव्हता. एसीच्या खोलीत तो स्वेटर घालून बसे.

आई दारातच उभी होती. साडीवर स्वेटर, पायांत गमबूट. तिनं सारंगला खालपासून वर निरखलं.

"हे जाणार का वर्षभर?"

"हो, काकू," सारंग म्हणाला. त्याच्या अंगावर तीन स्वेटर होते आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं.

आत मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे लांब डबे बुडवून ठेवले होते. प्रत्येक डब्यात एकेक लादी गोठत होती. पलीकडच्या थंड खोलीत शाल्मलीनं लाद्या एकावर एक रचून, वरून पाणी ओतून, एक उभा खांब गोठवून घेतला होता. तिचं उपकरण, तिनं 'सुई' म्हणून नाव ठेवलेलं, त्या खांबावर टेकवलं की टोक तापे आणि बर्फ वितळवत खाली खाली जाई, मागे वायर आणि एक बारीक नळी ओढत. तळाला पोहोचल्यावर टोक पाण्याचा दाब सांगे आणि नळीतून नमुना वर येई.

"बघ, टोक तिरकं झालं की असा आवाज येतो," शाल्मली सांगत होती. "मग थांबायचं. जोर लावायचा नाही."

सारंगनं मान हलवली. त्याचे दात वाजत असल्यामुळे तो आवाज कोणता आणि सुईचा कोणता, हे सांगणं कठीण होतं.

"सारंग, बाहेर जायचंय?"

"नाही. सवय करायला पाहिजे."

थोड्या वेळानं आईनंच त्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं, उन्हात खुर्चीवर बसवलं आणि हातात चहा दिला. चहा बशीत सांडत होता. शाल्मली शेजारी भुशाच्या पोत्यावर टेकली.

"मला नाही जायचं तिथे," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"लहानपणापासून मला थंडी सोसत नाही. बर्फ वरून बघायला आवडतो मला. सहाशे किलोमीटरवरून. तिथून तो फार सुंदर दिसतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? पन्नासही वेळा मी गेलोय. मला वाटलं, मला जायचंच असेल आणि माझं मलाच अजून कळलं नसेल." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "घरी सगळ्यांना सांगून झालंय. आत्यानं कानटोपी विणली. आता नाही म्हणायचं म्हणजे... कुणाला नाही म्हणायचं, तेच कळत नाही. यंत्राला?"

शाल्मलीला हसूही आलं आणि रागही. दीड वर्ष तिनं ज्या जागेसाठी जीव टाकला, ती मिळालेला माणूस तिच्यासमोर उन्हात कुडकुडत बसला होता. आणि आपणही आठवडाभर घाटावरच्या फेऱ्यांचीच स्वप्नं बघत होतो, हे तिला आठवलं.

"सोमवारी सरांकडे जाऊ," ती म्हणाली. "एकदा नाही म्हणून तर बघ. काय होतं ते कळेल."

सोमवारी चौघं संचालकांच्या खोलीत बसले : डॉ. हर्डीकर, फिरोज, शाल्मली आणि सारंग. एसी चालू होता, तरी सारंगनं स्वेटर घातला नव्हता. बहुधा धीर यावा म्हणून.

"सर, मी लामसरला जाणार नाही."

डॉ. हर्डीकरांनी पडद्याकडे पाहिलं. "पण तुम्ही जाताय."

"नाही, सर."

"वझे, पन्नासही वेळा गेलाय तुम्ही."

"मग त्या पन्नासांना पाठवा, सर," सारंग म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकला.

संचालक फिरोजकडे वळले. "तांबोळी, हे कसं शक्य आहे? हे तुमच्या अंदाजात कुठेच नव्हतं."

"सर, ढगाला वाचता येत नाही," फिरोज म्हणाला. "उद्या बरसणार असं छापून आलं, म्हणून ढग हट्टाला पेटत नाही, की आदल्या दिवशी रजा टाकत नाही. म्हणून त्याचा अंदाज टिकतो. आपण अंदाज ज्यांचा केला, त्यांनाच तो वाचायला दिला. देशपांडेबाईंनी कुकर वाटून टाकला. ही माणसं आता ती राहिलीच नाहीत, जी मी मोजली होती."

"मग नव्यानं मोजा."

"मोजलं. काल." त्यानं आपला लॅपटॉप उघडून सरकवला. पहिल्या वेळी प्रत्येकाच्या पन्नास रेषा एखाद्या वेणीसारख्या एकत्र गेल्या होत्या. आता त्या पोत्यातून सांडलेल्या ज्वारीसारख्या चहूकडे होत्या. "आता कुणाचंच काही सांगता येत नाही. वीस जण जातील, एवढं सांगतो. कोण ते विचारू नका."

"आणि माझं?" सरांनी विचारलं. आजवर त्यांनी स्वतःचं विचारलं नव्हतं.

फिरोजनं छताकडे पाहिलं. "तुम्ही विचारल्यावर बदलेल, सर."

डॉ. हर्डीकरांनी लॅपटॉप मिटून फिरोजकडे परत सरकवला. वाईट माणूस नव्हता तो. संस्था सांभाळून, माणसं टिकवता टिकवता थकलेला होता, आणि एकदा तरी कुणीतरी आपल्याला पुढचं खात्रीनं सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती. शेवटी त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं.

"बर्फ पडून रस्ता बंद व्हायला फार अवधी नाही. तुम्ही जाल?"

"हो, सर."

त्यांची नजर सवयीनं पडद्याकडे गेली. मग हात सवयीनं बिस्किटांकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला. "जा मग. सुई तुमचीच आहे."

अवघड काम पुढेच होतं. शाल्मली वाईला पोहोचली, तेव्हा आई वरच्या खोलीत खिडकीचं माप घेत होती. भिंती पिस्ता रंगाच्या झाल्या होत्या. वास अजून ओला होता.

"पडद्याला गडद हिरवा घ्यावा म्हणतेय," आई म्हणाली, आणि मग तिनं वळून लेकीचं तोंड पाहिलं. टेप गुंडाळून ठेवला. "कधी जायचंय?"

"गुरुवारी."

"किती दिवस?"

"वर्षभर."

आई कॉटवर टेकली. "ते यंत्र म्हणालं होतं ना, तू येतेयस म्हणून."

"चुकलं ते, आई."

"चुकणारच. तीस वर्षं मी तुझ्याबरोबर काढली, तू उद्या काय करशील ते मला कधी कळलं नाही. त्यांना मेलांवरून कळणार होतं." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "मी मात्र धरून चालले. वेडी कुठली. एवढं पन्नास वेळा हिशेब करून सांगतायत, म्हटलं, तर खरं असेल."

शाल्मली तिच्याजवळ बसली. वाईला येणाऱ्या त्या त्रेचाळीस जणी आपल्या नव्हत्याच, हे तिला तेव्हा कळलं. त्या आईच्या होत्या. आई त्यांच्यासाठी भिंती रंगवत होती.

"तू एकदा तरी म्हणायचंस ना, ये म्हणून."

"म्हटलं असतं तर आली असतीस तू. म्हणूनच नाही म्हटलं." आईनं डोळे पुसले आणि उठली. "चल. ती सुई नीट बांधायला हवी. तुमची पुण्याची माणसं कशीही बांधतात."

खाली कारखान्यात तिनं स्वतः सुईला भुशात बसवलं, भोवती गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीनं आवळलं, लादी दूरच्या गावाला पाठवताना बांधावी तसं.

"लोखंडाला भुसा कशाला गं?"

"असू दे. लांब जायचंय."

डिसेंबरात लामसरवर दुपारीही श्वास मिशांवर गोठतो, असं ठाण्याची देखभाल करणारे दोघं सांगत. शाल्मलीला मिशा नव्हत्या. तिच्या पापण्यांवर गोठे. पुण्यात बसून सारंग उपग्रहाची चित्रं पाहून जागा सांगे. डावीकडे भेग आहे, तिकडे जाऊ नकोस. वीस पावलं उजवीकडे बर्फ सलग आहे, तिथे लाव. त्याचं एकदाही चुकलं नाही. फक्त ती बोलताना तिथला वारा ऐकू आला, की तो पुण्यात शाल पांघरून घेई.

सुई दोनदा अडली. तिसऱ्या वेळी ती सरळ गेली, आणि कितीतरी दिवस वायर खाली खाली जात राहिली. मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, वायर एकदम सैल पडली. दाबाचा काटा उडाला. शाल्मलीनं तो दोनदा, तीनदा पाहिला. मॉडेल म्हणत होतं, भर हिवाळ्यात तळ कोरडाच असेल. तळ कोरडा नव्हता. तिथे पाणी होतं, भरपूर, आणि वरच्या साऱ्या हिमनदीचं ओझं त्यानं पाठीवर घेतलं होतं.

तिनं आकडा फिरोजला पाठवला. त्याचा निरोप लगेच आला : 'नक्की?' मग दुसरा : 'हे खरं असेल तर सगळ्या नद्या संगणकात पुन्हा चालवाव्या लागतील.' मग तिसरा : 'चालवायला घेतल्या.'

त्यानंतर तिनं उपग्रह फोनवरून वाईला फोन लावला. खूप वेळानं आईनं उचलला. मागे पंपाचा आवाज होता, आणि कुणाला तरी ती लादी सरळ धरायला सांगत होती.

"आई, पाणी लागलं."

तिकडे सगळं शांत झालं. आईनं पंप बंद करायला लावला होता.

"लागलं?" आई म्हणाली. "किती खोल?"

"खूप."

"बरं झालं बाई. गोड आहे का?"

शाल्मली हसली. विहिरीला पाणी लागल्यावर गावात कुणीही हाच प्रश्न विचारतं, आणि हिमनदीवरच्या कुठल्याच शोधनिबंधात तो कुणी विचारलेला नव्हता. नळीतून नमुना वर आला होता. सीलबंद करून ठेवायच्या दोन्ही बाटल्या भरून झाल्या होत्या. नळीच्या तोंडाशी थोडं उरलं होतं, हिमनदीनं दळलेल्या खडकाच्या पिठानं जरासं दुधट झालेलं.

"थांब," ती म्हणाली. "सांगते."

तिनं हातमोजा काढला, ओंजळ धरली आणि नळी कलती केली.